लोकसंख्या, आरोग्य आणि परिसर : व्याख्यानापासून गावाच्या दप्तरापर्यंत

(सातपूर, नाशिक येथे शिक्षक, शासकीय अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यापीठे आणि महाविद्यालये लोकांसाठी जी व्याख्याने आणि परिसंवाद योजतात, त्यांत लोकसंख्या, आरोग्य आणि पर्यावरण हे विषय आता नेमाने येतात. वक्ता येतो, आकडे सांगतो, धोक्याची जाणीव करून देतो आणि आभारप्रदर्शन होऊन सभा संपते. ऐकणाऱ्याने घरी जाताना बरोबर काय न्यावे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. आज मी त्याच गोष्टीविषयी बोलणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, हे तीन विषय वेगवेगळे नाहीत. आणि त्यांचा एकत्रित अभ्यास व्यासपीठावर सुरू झाला तरी तो पुरा व्हावयाचा असेल तर गावाच्या दप्तरातच झाला पाहिजे.

लोकांना व्याख्यानातून ज्ञान देण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. नाशिककरांनी गोदाघाटावर तीच प्रथा चालविली. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या बहिःशाल शिक्षण मंडळाने पहिले कुलगुरू डॉ. जयकर यांच्या नावाने जी व्याख्यानमाला चालविली, ती जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. पुढे १९७७ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे कर्तव्य मानले. आज नाशिकमध्येच दोन राज्यव्यापी विद्यापीठे आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. म्हणजे बोलणारे पुष्कळ आहेत आणि ऐकणारेही आहेत. उणीव आहे ती बोलणे आणि नोंद यांना जोडणाऱ्या दुव्याची.

लोकसंख्येचा बदललेला प्रश्न

प्रथम लोकसंख्येचा विचार करू. या विषयावर महाराष्ट्रात मोकळेपणाने बोलणाऱ्यांत रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक अखेरपर्यंत चालविले. या कामासाठी त्यांना प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारला. असा कार्यक्रम सरकारी पातळीवर हाती घेणारा भारत हा जगातील पहिला देश होय. त्या सुमारास पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने ज्या जिल्ह्यांत जननविषयक पाहणी केली, त्यांत नाशिक जिल्हा होता. प्रा. सोवनी आणि श्रीमती कुमुदिनी दांडेकर यांनी नाशिक, कुलाबा आणि उत्तर सातारा या जिल्ह्यांचा तो अहवाल १९५५ साली प्रसिद्ध केला. घरोघरी जाऊन, स्त्रियांना विचारून, त्यांच्या मुलांचे जन्म आणि मृत्यू टिपून घेतल्यावाचून असे काम होत नाही. मत देण्यापूर्वी मोजण्याची ही शिस्त या जिल्ह्याने सत्तर वर्षांपूर्वीच पाहिलेली आहे.

पुढील काळात ही शिस्त काही वेळा सुटली. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. त्या काळातील सक्तीमुळे देशभर या कार्यक्रमावरील लोकांचा विश्वास ढळला आणि तो परत मिळविण्यास बराच काळ जावा लागला. १९९४ साली कैरो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हेच सूत्र मान्य केले, की आकड्यांची उद्दिष्टे लादण्यापेक्षा स्त्रियांचे शिक्षण, आरोग्य आणि निर्णयाचा अधिकार यांवर भर द्यावा.

आता आजची स्थिती पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ साली महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी २.९ मुले होत. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण १.७ पर्यंत उतरले. एका पिढीची जागा दुसऱ्या पिढीने भरून काढण्यास साधारण २.१ हे प्रमाण लागते. तेव्हा महाराष्ट्र त्या रेषेच्या खाली गेला आहे. पंचायत सदस्यांना दोन अपत्यांची अट परिचित आहेच. सप्टेंबर २००१ नंतरच्या तिसऱ्या अपत्यामुळे सदस्यत्व जाऊ शकते, हे गावोगाव ठाऊक आहे. परंतु त्याच २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या आणि पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. हे आकडे मात्र तेवढे ठाऊक नाहीत. शिवाय २००१ साली राज्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशात सर्वप्रथम, १९८८ साली, कायदा करणाऱ्या राज्यातील ही स्थिती आहे. कुटुंब लहान झाले, परंतु आई सुदृढ झाली नाही आणि मुलीची जागा आक्रसली. म्हणून ‘वाढती लोकसंख्या : एक संकट’ हा जुना मथळा घेऊन जो वक्ता अजूनही उभा राहतो, तो श्रोत्यांना बरेचसे सुटलेले गणित पुन्हा घालतो आणि न सुटलेले गणित तसेच ठेवतो.

सातपूरची आकडेमोड

आपण जेथे बसलो आहोत ते सातपूर या विषयाचे उत्तम उदाहरण आहे. त्र्यंबक रस्त्यावरील हे एक शेतकरी गाव होते. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे शेजारी अंबडची वसाहत झाली. १९८२ साली नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची गावे एकत्र करून नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. १९९१ साली महानगरपालिकेची लोकसंख्या ६,५६,९२५ होती. २०११ च्या जनगणनेत ती १४,८६,०५३ भरली. वीस वर्षांत दुपटीहून अधिक वाढ झाली आणि त्याच वीस वर्षांत प्रत्येक कुटुंबातील मुलांची संख्या घटत होती. ही वाढ पाळण्यातून झाली त्याहून अधिक रस्त्यावरून झाली. पोटासाठी माणसे आली. नाशिकच्या आदिवासी तालुक्यांतून, खानदेशातून, मराठवाड्यातून आणि परप्रांतांतून आली. अशा वाढीवर कुटुंबनियोजनाचा उपदेश हा उपाय नव्हे. तिला घर, नळ, गटार आणि दवाखाना लागतो.

कामगारवस्तीची आकडेमोड आणखी एका बाबतीत फसवी असते. कामगार तरुण वयात येतात. तरुणांत मृत्यू थोडे होतात, म्हणून अशा वस्तीचा साधा मृत्युदर कमी दिसतो आणि वस्ती निरोगी आहे असा समज होतो. परंतु ओतशाळेतील वाळूच्या धुळीने फुफ्फुसांना होणारा सिलिकोसिस किंवा पॉवर प्रेसच्या सततच्या आवाजाने येणारा बहिरेपणा एका वर्षात दिसत नाही. नोकरी संपल्यावर पुष्कळ कामगार आपल्या मूळ गावी परततात आणि दुखणे त्यांच्यासोबत गावी जाते. श्रमाची नोंद सातपूरच्या हजेरीपटावर राहते आणि खोकल्याची नोंद, झालीच तर, एखाद्या दूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. दोन्ही कागद कोणाच्याच टेबलावर एकत्र येत नाहीत.

जन्माचेही असेच आहे. आपल्याकडे पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी जाते. कायद्याप्रमाणे जन्माची नोंद तो जेथे झाला तेथे करावयाची असते. त्यामुळे सातपूरच्या सासुरवाशिणीचे मूल निफाड किंवा सिन्नर तालुक्यातील माहेरच्या नोंदवहीत येते. उलट खेड्यातील गंभीर रुग्ण नाशिकच्या रुग्णालयात दगावला तर त्याचा मृत्यू शहराच्या नावावर लागतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने नोंदीसाठी २१ दिवसांची मुदत घातली आहे, आणि नोंदणी पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. परंतु नोंद होणे वेगळे आणि ती आपल्या गावाची म्हणून वाचता येणे वेगळे. हे वाचन कसे करावे, हे विद्यापीठातील जाणकारांनी गावाला शिकविले पाहिजे.

नंदिनीचे पाणी

आता परिसराकडे वळू. त्र्यंबकच्या बाजूच्या डोंगरांतून येणारी नंदिनी, जिला आपण नासर्डीही म्हणतो, सातपूरमधून वाहत उंटवाडीवरून पुढे जाते आणि समर्थ रामदासांच्या वास्तव्याने प्रसिद्ध असलेल्या टाकळीजवळ गोदावरीला मिळते. उगमाकडील ओढा, मध्यावरील वस्ती आणि कारखाने, शेवटी तीर्थ असा तिचा लहानसा प्रवास आहे. घरगुती आणि औद्योगिक सांडपाण्याने तिचे आणि गोदावरीचे काय झाले आहे, हे येथील रहिवाशांना सांगण्याची गरज नाही. गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि उपाययोजनेसाठी नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेचा सल्ला घेण्यात आला.

येथे कायद्याची उणीव नाही. केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने त्याच्याही आधी, १९६९ साली, आपला कायदा केला आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. उणीव आहे ती पाणी आणि आजार यांचा संबंध लोकांच्या लक्षात आणून देण्याची. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंची घरे नकाशावर मांडली. ती बहुतांशी एका विशिष्ट पंपाभोवती आढळली. त्या वेळी कॉलऱ्याचा जंतू अद्याप सर्वमान्य झालेला नव्हता. तरीही मृत्यूची नोंद आणि पाण्याचा पंप यांचा संबंध लक्षात आल्यामुळे निर्णय घेता आला आणि पंपाचा दांडा काढण्यात आला.

आपल्या गावांतून टी.सी.एल. पावडर आता परिचित झाली आहे. हजार लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम पावडर टाकून अर्धा तास थांबावे आणि शेवटच्या नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे का, ते तपासावे, एवढे केले तरी जुलाब, कावीळ, विषमज्वर यांना पुष्कळ आळा बसतो. परंतु हे औषध जंतूंवर चालते. धातूंना प्लेटिंग करण्याच्या कामातून बाहेर पडणारे क्रोमियम किंवा निकेल विहिरीत झिरपले तर टी.सी.एल. पावडरीने ते जात नाही. द्राक्षमळ्यांना घातलेल्या खतांतून किंवा शोषखड्ड्यांतून येणारे नायट्रेटही जात नाही. पाणी उकळल्याने तर या द्रव्यांचे प्रमाण थोडे वाढतेच. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमहून आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमहून अधिक असू नये. ते आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही आणि चवीने कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील रासायनिक तपासणीच लागते. ‘पाणी उकळून प्या’ हा उपदेश खेड्यात पुरेसा असेल, पण औद्योगिक वसाहतीच्या छायेतील गावात तो अर्धाच उपयोगी आहे. शिक्षकांनी मुलांना हा फरक आवर्जून सांगावा.

परिसंवाद कसा असावा

मग विद्यापीठाने काय करावे? माझी सूचना साधी आहे. परिसंवादाची तारीख ठरविण्यापूर्वी त्या गावाचे तीन कागद मागवावेत : मागील दहा वर्षांची जन्म-मृत्यू नोंदवही, पाणी तपासणीचे अहवाल आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र किंवा कामगार विमा दवाखान्यातील आजारांची गोषवारा नोंद. रुग्णांची नावे अर्थातच वगळावीत. विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली ते महिन्यामहिन्याने एका तक्त्यात मांडावेत. जुलाबाचे रुग्ण कोणत्या महिन्यात वाढले, त्या महिन्यात कोणत्या विहिरीचे पाणी अयोग्य ठरले होते आणि त्याच सुमारास बालमृत्यू झाला होता काय, हे शेजारी शेजारी आले की वक्त्याला अलंकारिक भाषा वापरावी लागत नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दोन हजार वस्तीच्या गावात वर्षाला सुमारे तीस जन्म होतात. त्यांपैकी एक अर्भक दगावले तर हजारी ३३ असा दर निघतो आणि एकही दगावले नाही तर शून्य निघतो. एका वर्षाच्या अशा दरावरून कोणाचे कौतुक करू नये आणि कोणाला दोषही देऊ नये. लहान गावासाठी निदान पाच वर्षे एकत्र घ्यावीत आणि प्रत्येक मृत्यूची हकीकत वेगळी समजून घ्यावी : मूल जन्मतः किती वजनाचे होते, आजार कधी लक्षात आला, वाहन कधी मिळाले.

अशा मोजणीतून काय साधते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातीलच स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. त्या गावांत प्रत्येक जन्म आणि मृत्यू काटेकोरपणे टिपला गेला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ पर्यंत खाली आले. घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याची ही पद्धत पुढे देशभर आशा कार्यकर्तींच्या कामाचा भाग झाली. त्या गावांतील स्त्रियांच्या नोंदीतून निघालेले ज्ञान विद्यापीठांच्या ग्रंथालयांत गेले. ज्ञानाचा ओघ दोन्ही दिशांनी वाहू शकतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

परिसंवादाचा समारोपही बदलला पाहिजे. ठराव करून तो वर पाठविण्यापेक्षा एका पानाचा मराठी गोषवारा गावाच्या हाती द्यावा. तो १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचावा. त्याआधी महिलांच्या सभेत तो अवश्य वाचावा. कारण पाणी भरणे, मूल सांभाळणे आणि आजाऱ्याची शुश्रूषा ही तिन्ही कामे ज्यांच्याकडे आहेत, त्या सायंकाळच्या व्याख्यानाला बहुधा येऊ शकत नाहीत. आज पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या सदस्यांनी हे पान आपल्याकडे ठेवावे आणि सहा महिन्यांनी विद्यापीठाला परत बोलावून काय बदलले ते विचारावे. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहेच. नवी समिती काढण्याची आवश्यकता नाही.

खरी नोंद

शेवटी एक नाजूक गोष्ट अधिकारी मित्रांसमोर ठेवतो. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याची पाहणी करून हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड दिले जाते. लाल कार्ड म्हणजे सावध करणारी सूचना होय. परंतु ते मिळाले की गावाची नाचक्की झाली आणि कोणाला तरी जाब द्यावा लागणार, अशी भीती निर्माण होते. भीती निर्माण झाली की नमुना चांगल्या विहिरीचा घेतला जातो, कमी वजनाच्या मुलाचे वजन कागदावर वाढते आणि उपजत मृत्यू नोंदीतून निसटतो. अशी सुधारलेली नोंद एखाद्या बैठकीपुरती उपयोगी पडते, पण पुढील पावसाळ्यात तीच गावाच्या मुळावर येते. खोट्या हिरव्या कार्डापेक्षा खरे लाल कार्ड गावाचे अधिक हित करते. ते आणणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण देणे हे वरिष्ठांचे कर्तव्य आहे. विद्यापीठालाही येथे मोठे काम आहे. त्याच्यावर उद्दिष्टपूर्तीचा भार नसल्यामुळे ते तटस्थपणे मोजू शकते, आणि गावकऱ्यांच्या देखत मोजल्यामुळे त्या मोजणीवर गावाचा विश्वास बसू शकतो.

सातपूरने राज्याला उद्योग दिले, हजारो कुटुंबांना भाकरी दिली. त्या भाकरीची किंमत कोणाच्या फुफ्फुसाने, कोणत्या विहिरीने आणि किती बालकांनी मोजली, याचा हिशेब अद्याप एकत्र मांडला गेलेला नाही. तो मांडण्यासाठी लागणारे कागद येथील महानगरपालिकेच्या कार्यालयांत, दवाखान्यांत आणि आपण ज्या गावांहून आला आहात तेथील पंचायतींच्या कपाटांत आजही आहेत. आपण परत गेल्यावर या आठवड्यात एवढेच करावे : आपल्या गावच्या पाण्याची रासायनिक तपासणी शेवटची कधी झाली, ती तारीख शोधून काढावी. तारीख सापडली तर तिच्यापुढे निकाल लिहावा. सापडली नाही तर येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो पहिला विषय ठेवावा.